६३.२ टक्के कुठून आले? एम-थ्रीच्या एका केटीचं प्रकरण

एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर. त्यात दोनदा नापास होऊन केटी लागलेल्या एका पोराच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरलेली होती. पैसे भरून विद्यापीठाकडून मागवलेली, मधलं एक पान तिरकं छापून आलेलं. तिसऱ्या प्रश्नात एक साधं समीकरण सोडवायचं होतं: वाय-डॅश + २ वाय = १०, सुरुवातीला वाय शून्य, लाप्लास वापरा. (वाय-डॅश म्हणजे वाय बदलण्याचा वेग, टी म्हणजे वेळ, लाप्लास ही अशी समीकरणं सोडवायची एक पद्धत, आणि खाली येणारा ई ही साधारण २.७१८ एवढी एक ठरलेली संख्या.) पोराने सव्वा पान लिहिलं होतं. पट्टीने आखलेला समास, ओळीखाली ओळ आणि शेवटी उत्तराभोवती चौकट: ५ अधिक ५ गुणिले ई चा उणे २ टी घात. तपासणाऱ्याने आठपैकी तीन दिले होते.

"यात टी शून्य घाल," मी म्हटलं.

त्याने घातला. ई चा शून्य घात एक. "दहा आले."

"प्रश्नात किती दिलंय?"

त्याने प्रश्नपत्रिका शोधली, ओळीवर बोट ठेवलं. "शून्य." मग थोडं थांबून म्हणाला, "पण सर, स्टेपा तर सगळ्या बरोबर हायत."

स्टेपा खरंच जवळजवळ बरोबर होत्या. आंशिक अपूर्णांक करताना एक उणे चिन्ह सांडलं होतं, एवढंच. चिन्ह कुणाचंही सांडतं, माझंही सांडतं. मला खटकलं ते वेगळंच. शून्यापासून सुरू होणारी राशी दहापासून सुरू होते असं उत्तर त्याने चौकटीत बसवलं आणि त्याला काहीच टोचलं नाही. हाच पोरगा वडिलांच्या दुरुस्तीच्या दुकानात बसतो. नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर मीटरने अठरा दाखवले असते तर त्याने आधी मीटरच बदलून पाहिला असता.

नाव-गाव देत नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा मुलगा, दहावी मराठी माध्यमातून, मग तीन वर्षं पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स, तिथे उत्तम टक्के, आणि त्या जोरावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. डिप्लोमाची पोरं अशी पहिलं वर्ष वगळून येतात. म्हणजे एम-वन आणि एम-टू न करता थेट एम-थ्रीच्या तोंडी. डिप्लोमाला इंटिग्रेशन आणि पहिल्या दर्जाची डिफरन्शियल इक्वेशन्स झालेली असतात, पण ती बेताची. "डिप्लोमावाल्यांचं मॅथ्स कच्चं असतं" हे वाक्य कॉलेजात शिपायापासून एचओडीपर्यंत सगळे म्हणतात, आणि ते ऐकून ऐकून पोरंही तेच म्हणायला लागतात. याला पहिल्या खेपेला शंभरपैकी २९ आणि दुसऱ्या खेपेला २६ पडले होते. पासिंग ४० ला. तिसरी खेप मे महिन्यात. जानेवारीच्या अखेरीस त्याचे वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. माझा जुना रेडिओ त्यांनीच दोनदा जिवंत केलेला, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

मी मूळचा मेकॅनिकलचा. नोकरी कंपनं आणि उष्णता शिकवण्यात गेली. गणिताचा प्राध्यापक मी नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्या रविवारी मी त्याला दहा प्रश्नांची चिठ्ठी दिली. वेळ चाळीस मिनिटं, कॅल्क्युलेटर बंद. निकाल वाचण्यासारखा होता. ई चा उणे २ टी घात याचं डेरिव्हेटिव्ह: बरोबर. साइनचं लाप्लास: तोंडपाठ. बाय पार्ट्सचं इंटिग्रेशन: बरोबर, आणि माझ्यापेक्षा वेगाने. मग घसरण. ई चा उणे ३ घात एक दशांशापेक्षा मोठा की लहान? कोरं. (उत्तर साधारण ०.०५, म्हणजे लहान.) लॉग (अ वजा ब) याचं त्याने बेधडक लॉग अ वजा लॉग ब करून टाकलं. वरच्याच समीकरणात टी सेकंदात असेल तर त्या '२' चं एकक काय? त्याने लिहिलं: "कॉन्स्टंट आहे, एकक नसतं." आणि शेवटचा प्रश्न: एखादी गोष्ट वाढते आहे, पण वाढीचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात आहे. न सोडवता आलेख काढा. त्या जागी त्याने दोन अक्ष काढले, नावं दिली आणि सोडून दिलं.

म्हणजे दुखणी दोन होती. एक, बीजगणिताच्या नळाला तीन-चार ठिकाणी गळती: चिन्हं, अपूर्णांक, लॉग. दुसरं, समीकरण त्याच्याशी काही बोलतच नव्हतं. ते सोडवायचं असतं, ते काही सांगतं हे त्याच्या गावीही नव्हतं. मी दोन्ही वहीत नीट नोंदवली आणि इलाज मात्र पहिल्याचाच सुरू केला. अकरावीपासून पाया घ्यायचा, लिमिट, कंटिन्युइटी, डेरिव्हेटिव्हची व्याख्या, असा माझा बेत. दोन रविवार मी हे केलं. तो मान डोलवत होता, वहीत सुवाच्य उतरवत होता. तिसऱ्या रविवारी आला नाही. चौथ्या रविवारीही नाही. दुकानात काम आहे, असा निरोप.

माझी ही चूक मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ती आम्ही शिक्षक सर्रास करतो. विद्यार्थी अडला की आपण त्याला जिन्याच्या पहिल्या पायरीवर नेऊन उभं करतो. त्याला तिथून वर काही दिसत नाही, आणि तो आधी चढलेले चार जिने हिशोबातच धरले जात नाहीत. या पोराला रेझिस्टरच्या रंगपट्ट्या अंधारात ओळखता येत होत्या. मी त्याला लिमिटची व्याख्या शिकवत होतो.

मिक्सर दुरुस्तीला देण्याचं निमित्त करून मी दुकानात गेलो. तो काउंटरवर एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मीटरला लावून बघत होता. आकडा हळूहळू चढत होता. मी सहज विचारलं, "किती वेळ लागेल भरायला?"

"एका टाऊत ६३.२ टक्के, पाच टाऊत फुल," त्याने वर न बघता सांगितलं. टाऊ म्हणजे कपॅसिटर किती सावकाश भरतो हे सांगणारा वेळ. डिप्लोमाच्या प्रत्येक पोराला हे पाठ असतं.

"६३.२ च का? ६० का नाही? दोन तृतीयांश का नाही?"

आता त्याने वर पाहिलं. "पुस्तकात तसं दिलंय."

"पण कुणीतरी पहिल्यांदा लिहिलं असेल ना. त्याला कुठून मिळालं?"

तीन वर्षं ही संख्या खिशात घेऊन हिंडलेला माणूस. ती कुठून आली हे आपल्याला कुणी विचारलं नाही आणि आपणही कुणाला विचारलं नाही, हे त्याला त्या क्षणी थोडं झोंबलं असावं. पुढच्या रविवारी तो आला. सोबत पिशवीत नऊ व्होल्टची बॅटरी, १०० किलोओहमचा रेझिस्टर, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दुकानातला डिजिटल मल्टिमीटर. इथून पुढे खरं काम सुरू झालं.

गच्चीवर, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून, दर दहा सेकंदांना कपॅसिटरवरचा व्होल्टेज. त्याने आकडे वाचले, मी लिहिले: १.५, २.८, ३.८, ४.७, ५.५, ६.०. पाच मिनिटांनी आकडा ८.९ वर थबकला.

"बॅटरी उतरली," तो म्हणाला. मी म्हटलं मोज. बॅटरी थेट मोजली तर ९.० दाखवत होती. मग तो दहा मिनिटं गप्प बसला आणि अचानक मीटर उलटा करून त्याच्या पाठीवरचा कागद वाचायला लागला. "मीटरचाच रेझिस्टन्स १० मेगाओहम हाय सर. डिव्हायडर झाला की." म्हणजे रेझिस्टर आणि मीटर यांनी बॅटरीचा व्होल्टेज आपसात वाटून घेतला. नऊ गुणिले १० भागिले १०.१, म्हणजे ८.९१. कपॅसिटरचीही थोडी गळती असणार, ती आम्ही सोडून दिली. हे मी शिकवलं नव्हतं आणि मला ते सुचलंही नव्हतं. मेकॅनिकलवाल्याला मीटर म्हणजे खरं सांगणारा साक्षीदार वाटतो. मोजणाराही मंडळाचा, म्हणजे सर्किटचा, भाग असतो, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. 'मॅथ्स कच्चं' असलेल्या पोराचं हे गणितच होतं, फक्त त्याला कुणी गणित म्हणत नव्हतं.

आता मी त्याला आकडे उलटे बघायला लावले. किती भरला हे बाजूला ठेव, किती उरलं ते लिही. ८.९ मधून वजा करत गेलो: ८.९, ७.४, ६.१, ५.१, ४.२, ३.४, २.९. प्रत्येकाला आधीच्याने भाग. उत्तरं ०.८१ ते ०.८५ च्या मध्ये नाचत होती, सरासरी ०.८३. दर दहा सेकंदांनी उरलेल्यातलं साधारण ८३ टक्के उरतं.

"हे चक्रवाढ व्याजासारखं हाय," तो म्हणाला. "उलटं."

बरोबर तेच. ई ही संख्या पहिल्यांदा हाताला लागली तीही व्याजाच्याच हिशोबात. १६८३ साली याकोब बर्नुलीने विचारलं की वर्षाला शंभर टक्के व्याज दर क्षणाला मुद्दलात मिळवत गेलं तर एका रुपयाचे किती होतील. २.७१८ च्या आसपास. पण हे मी त्याला लगेच सांगितलं नाही. आधी त्याच्याकडूनच ती संख्या काढून घ्यायची होती.

त्यासाठी मंडळ शब्दांत वाचायला घेतलं. रेझिस्टरवर उरलेला व्होल्टेज म्हणजे ९ वजा कपॅसिटरवरचा. त्याला १०० किलोओहमने भागलं की करंट. करंट म्हणजे दर सेकंदाला येणारा चार्ज. त्याला ४७० मायक्रोफॅरडने भागलं की दर सेकंदाला किती व्होल्ट चढणार ते. १०० किलो गुणिले ४७० मायक्रो म्हणजे ४७. तेव्हा चढण्याचा वेग = (९ वजा आत्ताचा व्होल्टेज) भागिले ४७.

"४७ काय?" मी विचारलं.

"सेकंद."

"ओहम आणि फॅरड गुणले तर सेकंद कसे काय आले?"

हे त्याने स्वतः उलगडलं आणि त्याला लागलेली वीस मिनिटं मला अजिबात वाया गेली असं वाटलं नाही. ओहम म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर. फॅरड म्हणजे कूलंब भागिले व्होल्ट, आणि कूलंब म्हणजे अँपिअर गुणिले सेकंद. गुणलं की व्होल्ट कटतो, अँपिअर कटतो, सेकंद उरतो. मग तो आपणहून पहिल्या रविवारच्या चिठ्ठीकडे वळला आणि '२' च्या पुढे लिहिलं: दर सेकंदाला.

समीकरण मिळालं होतं, सोडवायचं नव्हतं. पावलापावलाने चालायचं होतं. शून्य सेकंदाला वेग ९ भागिले ४७, म्हणजे सेकंदाला ०.१९ व्होल्ट. दहा सेकंद हाच वेग राहिला असं धरलं तर १.९१. पण वेग मध्येच कमी होतो, म्हणून हे जास्त आलं. पाच-पाच सेकंदांची दोन पावलं टाकली: १.८१. एकेक सेकंदाची दहा: १.७४. लाप्लासने येणारं नेमकं उत्तर १.७२. त्याने कागदावर हे चार आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत राहिला. पाऊल लहान केलं की उत्तर एका जागी जाऊन बसतंय. मी दोन रविवार घसा कोरडा करून लिमिटची व्याख्या सांगितली होती, ती इथे चार आकड्यांत येऊन बसली.

मग शेवटचा धक्का. एकेक सेकंदाचं पाऊल टाकलं तर उरलेलं दर सेकंदाला ४६ भागिले ४७ पट होतं. ४७ सेकंदांनी, म्हणजे एका टाऊने, किती उरेल? ४६/४७ चा ४७ वा घात. आता कॅल्क्युलेटरची परवानगी दिली. ०.३६४. अर्ध्या सेकंदाचं पाऊल: ९३/९४ चा ९४ वा घात. ०.३६६. दशांश सेकंदाचं: ४६९/४७० चा ४७० वा. ०.३६७५. आणि शेवटी एक भागिले ई दाबायला सांगितलं: ०.३६७९.

त्याने शंभरातून वजा केलं. ६३.२१.

काही बोलला नाही. वही बंद केली, परत उघडली, तोच हिशोब दुसऱ्या पानावर पहिल्यापासून केला. चहा गार झाला.

खरं तर आमच्या मोजमापातून टाऊ ४७ आलाच नव्हता. पुढच्या रविवारी सेमी-लॉग ग्राफ पेपरवर, म्हणजे एका अक्षावर लॉगची मापं असलेल्या कागदावर, उरलेले व्होल्ट मांडले, सरळ रेघ आली आणि तिच्या उतारावरून ५३ सेकंद निघाले. इथे लॉगचं त्याचं जुनं दुखणं आपोआप पृष्ठभागावर आलं. ८.९ वजा व्होल्टेज याचा एकत्र लॉग घ्यायचा, वेगवेगळा घेतला तर रेघच येत नाही, हे त्याने एकदा चुकीचं मांडून वाकडा आलेख काढून पाहिलं आणि ती चूक पुन्हा केली नाही. मग ५३ की ४७? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची टॉलरन्स, म्हणजे छापील किमतीपासून चालणारा फरक, २० टक्के असते. आपला साधारण ५३५ मायक्रोफॅरडचा निघाला, म्हणजे १४ टक्के जास्त, मर्यादेच्या आत. हा निष्कर्षही त्याचाच.

ग्राफ पेपरवरून एक आठवण होते. जॉन पेरी नावाचा आयरिश इंजिनिअर लंडनच्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात शिकवत असे. त्याआधी टोकियोतही काही वर्षं शिकवून आलेला. १९०१ साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या अधिवेशनात त्याने गणिताच्या शिक्षणावर भाषण केलं, त्यावरून मोठा वाद झाला. इंजिनिअर होणाऱ्या पोरांना युक्लिडच्या सिद्धता घोकायला लावण्यापेक्षा चौकटीच्या कागदावर मोजमापं मांडायला शिकवा, आकडेमोड हाताने करू द्या, कॅल्क्युलस लवकर आणि वापरण्याजोगा द्या, असा त्याचा आग्रह. त्याला तो 'प्रॅक्टिकल मॅथेमॅटिक्स' म्हणे. आपल्याकडे त्यातला कागद तेवढा आला. लॅबच्या जर्नलला ग्राफ चिकटवायचा, बहुतेकदा मागच्या वर्षीच्या जर्नलवरून छापून.

लाप्लासकडे परत आलो तेव्हा फार शिकवावं लागलं नाही. तेच नऊ व्होल्टचं समीकरण लाप्लासने सोडवलं. अपूर्णांक फोडताना मी त्याला झाकून टाकायची युक्ती दाखवली: खालचा एक भाग बोटाने झाका, तो ज्या किमतीला शून्य होतो ती किंमत उरलेल्यात घाला, सहगुणक मिळाला. १० भागिले एस गुणिले (एस + २): एस झाका, शून्य घाला, ५. (एस + २) झाका, उणे २ घाला, उणे ५. सांडलेलं उणे चिन्ह इथे आपल्या जागी येऊन बसलं.

ही युक्ती ऑलिव्हर हेविसाइडच्या नावाने ओळखली जाते, आणि हेविसाइडची गोष्ट सांगायला मला निमित्तच हवं असतं. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, तार कंपनीत ऑपरेटर, २४ व्या वर्षी नोकरीही सोडली, विद्यापीठाची पायरी कधी चढला नाही. लांब केबलमधून सिग्नल विस्कटून का येतो हा त्याचा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी त्याने डिफरन्शिएशनच्या चिन्हालाच साध्या अक्षरासारखं गुणायला-भागायला घेतलं. गणितज्ञ चिडले, कारण हे का चालतं हे त्याने नीट सिद्ध केलं नव्हतं. उत्तरं बरोबर येत होती. आज दुसऱ्या वर्षाची पोरं लाप्लासच्या नावाने जे करतात त्याला इंजिनिअरिंगमध्ये वाट त्या धसमुसळ्या पद्धतीने करून दिली. गोष्ट ऐकून पोराने एकच विचारलं: "त्याला पगार किती होता?" मला माहीत नव्हतं.

प्रत्येक उत्तराखाली आता दोन ओळी सक्तीच्या केल्या. टी शून्य घातला तर किती? टी खूप मोठा केला तर किती? दोन्ही प्रश्नातल्या गोष्टीशी जुळतात का? याला तीस सेकंद लागतात. जुनी उत्तरपत्रिका परत काढून त्याने लाल पेनने स्वतःच तपासली. पाच उत्तरं या दोन ओळींतच पकडली गेली असती. त्याच्या हिशोबाने एकोणीस मार्क.

इथे प्रकरण संपवलं असतं तर गोड दिसलं असतं. पण माझ्या लक्षात आलं की पोरगा आता सगळीकडे ई बघायला लागलाय. चहा गार होतो, ई. पंखा बंद केल्यावर थांबतो, ई. पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी उतरतं, तेही ई. एक हत्यार मिळालं की सगळे खिळे होतात, तसं. म्हणून दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वरचा भाग कापला, तळाशी गरम सळईने चार मिलिमीटरचं भोक पाडलं, बाहेरून मोजपट्टी चिकटवली. पाणी १८ सेंटिमीटरपर्यंत भरून भोकावरचं बोट काढलं. "आधी सांग काय होईल," मी म्हटलं.

"पाणी कमी तर दाब कमी, दाब कमी तर वेग कमी. ई."

दर तीस सेकंदांचे आकडे: १८, १३.३, ९.३, ६.०, ३.४, १.६, ०.४. मिनिटात साधारण निम्मं झालं, हे बघून तो खूश. पण मग दोन मिनिटांनी ४.८ उरायला हवं होतं, उरलं ३.४. तीन मिनिटांनी २.५ हवं होतं, उरलं ०.४. सेमी-लॉग कागदावर रेघ खाली वाकत गेली. त्याने आधी घड्याळावर संशय घेतला, मग भोकावर. प्रयोग दोनदा परत केला. मी गप्प.

दाब पाण्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो, पण धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हे टॉरिचेल्लीचं सूत्र त्याने डिप्लोमात कधीतरी पाहिलं होतं, ते या बाटलीला लागू करायचं सुचलं नव्हतं. वर्गमूळ घेऊन साध्या कागदावर मांडलं आणि बिंदू सरळ रेषेत आले. रेघ सुमारे २१० सेकंदांना शून्याला टेकत होती. (शेवटी धार तुटून थेंब पडतात, ते आकडे धरायचे नाहीत.) फरक मोठा आहे: कपॅसिटर कागदावर तरी कधीच पूर्ण भरत नाही, बाटली ठरावीक वेळात रिकामी होते. ई असता तर ती कधीच रिकामी झाली नसती.

मग त्याने सूत्रावरून वेळ काढला. बाटलीचा व्यास साडेदहा सेंटिमीटर, भोक चार मिलिमीटर, गुरुत्वाकर्षणाचा जी ९८१. उत्तर १३२ सेकंद. मोजलेले २१०. भागाकार ०.६३.

"सर! परत ६३!"

मी इतका हसलो की खालून बायकोने हाक मारून काय झालं विचारलं. त्याला समजावावं लागलं की या ०.६३ चा त्या ६३.२ शी काडीचा संबंध नाही. तीक्ष्ण कडेच्या भोकातून बाहेर पडताना धार आकसते, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह सूत्राच्या साधारण साठ-बासष्ट टक्केच असतो. सिव्हिल आणि मेकॅनिकलची पोरं याला सी-डी म्हणतात आणि तीही तो पाठच करतात. आमचं भोक सळईने पाडलेलं, कड ओबडधोबड, तेव्हा ०.६३ म्हणजे नशीबच म्हणायचं. दोन संख्या सारख्या दिसल्या म्हणून नातं जोडायचं नाही, कारण शोधायचं, हे त्याला पटलं. मात्र पुढचे चार रविवार तो कुठेही ६३ दिसला की माझ्याकडे बघून डोळा मिचकावत असे.

एप्रिलपासून सगळं थांबवून परीक्षेची तयारी. त्यात सांगण्यासारखं काही नाही. जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन्स, लाप्लास आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं केलं. कोरिलेशन आणि रिग्रेशन हे हुकमी मार्क असतात. फोरियर निम्मं समजून, निम्मं पाठ करून. व्हेक्टर कॅल्क्युलस सोडून दिलं, हा निर्णय माझा. दहा आठवड्यांत पाचही घटक जमणार नव्हते आणि पोराला चौथी खेप परवडणारी नव्हती. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये डायव्हर्जन्स आणि कर्ल लागणारच आहेत, हे मला माहीत होतं. मॅक्सवेलची वीज आणि चुंबकत्वाची वीसएक समीकरणं व्हेक्टरच्या भाषेत आणून आजच्या चार ओळींत बसवणारा माणूस म्हणजे परत तो हेविसाइडच. त्याची एक देणगी आम्ही घेतली, दुसरी दारातच ठेवली.

जुलैत निकाल लागला. ५१. वडिलांनी पेढे आणि दुरुस्त झालेला मिक्सर एकत्रच आणून दिले, मिक्सरचे पैसे घेतले नाहीत. मला ५१ चं फार कौतुक नाही. पासिंगच्या वरचे अकरा मार्क सोप्या पेपरमुळेही पडू शकतात, आणि त्या खेपेचा पेपर बरा होता हे मान्य केलं पाहिजे. लॉगची चूक गेली. चिन्हं अजून सांडतात, पण तो स्वतः पकडतो. फोरियर सिरीजमध्ये साइन आणि कोसाइन कशासाठी मिळवतोय हे त्याला आजही विचारलं तर सूत्रच सांगतो. तिथे मी बाटली-बॅटरीसारखं काही हाताला देऊ शकलो नाही.

गणेशोत्सवात तो आला तेव्हा पाठीवर सॅक, सॅकमध्ये छोटा बोर्ड. गणपती मंडळाच्या साउंडसाठी कुणाला तरी फिल्टर करून हवा होता. १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड, म्हणजे कटऑफ, फिल्टर जिथून सिग्नल अडवायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, १५९२ हर्ट्झला यायला हवा. कॉलेजच्या ऑसिलोस्कोपवर मोजला तर १४०० च्या आसपास निघाला.

"स्कोपच्या प्रोबचं कपॅसिटन्स धरलंस का?" मी विचारलं. मीटरचा धडा त्याच्याकडूनच शिकलेलो.

"धरलं की. १०० पिकोफॅरड हाय. १० नॅनोच्या एक टक्का. बारा टक्के कमी-जास्त त्यानं होत न्हाई," तो म्हणाला आणि कपॅसिटर काढण्यासाठी सोल्डरिंग गन गरम करायला लागला.